गोरी नही, फिक्की शे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलं की दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या दारातल्या निंबाखाली बायकांचा बाजार भरतो. झोका एक, बसणाऱ्या पंधरा, त्यात निम्म्या माझ्यासारख्या सासरहून आलेल्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या कडेवर नाहीतर पायात एखादं लेकरू. मागच्या आखाजीला चिनू माझ्या मांडीवर होती, दहा महिन्यांची. पुरणपोळी आणि आमरस खाऊन सगळ्या सुस्तावलेल्या, ऊन असं की समोरच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं, आणि माझी पोर उशीसारखी गप्प पडलेली. एका काकूंनी तिची हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, काय गोरी झाली गं ही, पार दुधासारखी! मग काय, दुसरी म्हणाली बापावर गेली, तिसरी म्हणाली पोटुशी असताना केशर पीत होती का गं, चौथीने तर कानशिलावर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. आणि किती शहाणी आहे, रडत नाही, हट्ट नाही, कुणाकडेही जाते, हे वर.

मला ते आवडलं. आता लिहिताना लाज वाटते, पण आवडलं होतं.

कारण मी काळी. लग्नाच्या बायोडाटात सावळी, निमगोरी असले शब्द असतात, घरात मला काळीच म्हणायचे. मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांची आई, ती जांभळासारखी, आणि मी तिच्यावर गेले हे मी इतक्यांदा ऐकलंय की कुणी नुसतं 'मोठ्या मायवर' म्हटलं तरी पुढचं वाक्य मला पाठ असायचं. सातवी-आठवीत असताना आईने मला साय-हळद फासून मागच्या ओट्यावर बसवलेलं आठवतं, वाळत चाललेल्या सायीचा तो आंबूस वास, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या, आणि कुंपणापलीकडून चुलत भाऊ हसतायत. त्यामुळे चिनू महिन्या-महिन्याला उजळत चाललीय हे जेव्हा सगळे म्हणायला लागले तेव्हा मला आतून कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं. त्याच दिवशी सकाळी मी तिचा फोटो स्टेटसला टाकला होता, खाली मुद्दाम लिहून, नो फिल्टर.

तेवढ्यात सुनंदा आली. सुनंदा माझ्या वर्गातली, आता गावात आशा सेविका आहे. ही तीच सुनंदा जी अजून चारचौघात माझा पहिलीतला किस्सा सांगते. नाशिकहून बदलून आलेल्या बाईंना मी म्हटलं होतं, 'हाई मना पेन शे', आणि बाई म्हणाल्या, मनाचा पेन? मनाला पेन कशाला लागतो गं? अहिराणीत मना म्हणजे माझा हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या का गोंधळल्या हे आम्हाला कळायला चौथी उजाडली. तर सुनंदा आली, झोक्याची दोरी धरून उभी राहिली, गोरेपणाचं कौतुक दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, इकडे दे व माय ती पोर.

तिने चिनूला मांडीवर घेतलं, तिचा उजवा तळवा उघडला आणि स्वतःच्या तळव्याला लावून ठेवला. सुनंदाचा हात शेतातला, बोटं फाटलेली, भेगांत केळीचा चीक बसून काळ्या झालेल्या, पण मधला तळवा लालसर. चिनूचा मेणबत्तीसारखा. तळव्यावरच्या रेषांत पण रंग नव्हता. मग तिने अंगठ्याने चिनूच्या डोळ्याची खालची पापणी जराशी ओढली, आतली कड लाल दिसायला हवी ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. चिनूने विरोध सुद्धा केला नाही. दहा महिन्यांच्या पोराच्या डोळ्याला कुणी हात लावला तर ते थयथयाट करतं, ही नुसती बघत राहिली.

'गोरी नही शे व ही. फिक्की शे.'

झोका थांबला वगैरे काही नाही, बायका बोलतच होत्या. आईला मात्र राग आला, सणावाराला लेकीच्या पोरीला असं बोलायचं म्हणजे काय. सुनंदाने तिकडे लक्षच दिलं नाही, मला एकच विचारलं, माती खाते का? आणि माझ्या पोटात गोळा आला. मोठ्या मायचं घर अजून धाब्याचं आहे, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा, आणि आम्ही आल्यापासून चिनू रांगत रांगत त्याच भिंतीपाशी जायची, एका कोपऱ्यात पोपडा सुटलेला होता तिथे ओठ लावून चोखत बसायची. आम्ही तीन दिवस त्याचे व्हिडिओ काढत होतो. बघा, भिंतीची पापी घेते. धुळ्यात असताना ती कुंडीतली माती तोंडात घालायची तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या कॅल्शियम कमी असेल, दूध वाढवा. आम्ही दूध वाढवलं.

माहेराहून, म्हणजे चोपड्याहून, धुळ्याला येताना अमळनेरपर्यंत मी बसमध्ये सारखा तिचा हात उघडून बघत होते. तापीच्या पुलावर खिडकीतून उजेड आला तेव्हा तिचे कान आरपार दिसत होते. कानाच्या पाळीत गुलाबी रंग असतो हे मला त्या दिवशी समजलं, पुढच्या सीटवरच्या एका पोराचे कान बघून.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ७.८ आलं. या वयात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात, ७ च्या खाली गंभीर, म्हणजे आम्ही अगदी काठावर बसलेलो. पेशी आकाराने लहान, रंगाने फिक्या, फेरिटिन, म्हणजे अंगात साठवलेल्या लोहाचं माप, तळाला. डॉक्टर मॅडमनी आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पण तपासणी करून घेतली. आमच्या शाळेत धडगावकडचे एक सर आहेत, त्यांच्या नात्यातल्या पोराला दोन वर्षं नुसती रक्तवाढीची टॉनिकं पाजली आणि मग कळलं सिकलसेल आहे, सातपुड्याच्या पट्ट्यात ही गोष्ट नवी नाही. प्रत्येक फिकं पोर लोहाच्या कमीनेच फिकं असतं असं नाही, थॅलेसेमिया या तसल्याच आनुवंशिक आजारात पण पेशी लहानच दिसतात, म्हणून बघून घ्यायचं, मॅडम म्हणाल्या. चिनूचं तसलं काही नव्हतं. साधी लोहाची कमी. साधी म्हटल्यावर मला हायसं वाटलं आणि लगेच दुसरा विचार आला, मग इतकी साधी गोष्ट मला दिसली कशी नाही.

मॅडम एरंडोलकडच्या, बोलतात एकदम आपल्यासारख्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून डिस्चार्ज कार्ड मागितलं, बाळंतपणाचं. चिनू ३६ व्या आठवड्यात झालेली, वजन २ किलो १००. त्या म्हणाल्या, हे बघा, पोर आईच्या पोटातून येताना लोहाची कोठी भरून आणतं, ती साधारण सहा महिने पुरते, पण ती कोठी भरते मुख्य करून शेवटच्या तीन महिन्यांत. तुमची पोर कोठी भरायच्या आत गाडीत बसली. त्यात मला स्वतःला गरोदरपणात ९ हिमोग्लोबिन होतं आणि त्या लाल गोळ्यांनी इतकं मळमळायचं की मी निम्म्या गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. नवऱ्याने सांगितलं. मग नाळेचं निघालं, जन्मल्यावर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर बाळाकडे जास्तीचं रक्त जातं आणि त्यातलं लोह पुढे काही महिने कामी येतं, पण आमच्या वेळी घाईत सिझर झालं, काय केलं कुणास ठाऊक. आणि मग कार्डाच्या मागच्या बाजूला, इंग्रजीत, खालून दुसऱ्या ओळीत, दोन महिन्यांची झाल्यावर लोहाचे थेंब सुरू करा असं लिहिलेलं निघालं. कमी वजनाच्या बाळांना ते तेव्हापासूनच द्यायचे असतात. मी शिक्षिका आहे. दुसऱ्यांची पोरं वाचत नाहीत म्हणून ओरडते. ते कार्ड मी लॅमिनेट करून ठेवलं होतं.

अजून एक होतं, ते घरी आल्यावर आठवलं. फ्रिजच्या वर, रबरबँडचा डबा आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या मागे एक बाटली. चिनू सहा महिन्यांची झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या आशाताईंनी घरी येऊन दिली होती, आयर्न फॉलिक अॅसिडचं सिरप, ५० मिली, वरती मापाचा ड्रॉपर. आठवड्यातून दोनदा १ मिली द्या म्हणाल्या होत्या. मी हो हो म्हटलं, दार लावलं आणि वर ठेवून दिली. फुकट मिळालेली सरकारी बाटली, कोण जाणे कसली, आपण चांगल्या डॉक्टरचं आणू. आणि चांगल्या डॉक्टरचं काही आणलंच नाही. नंतर वाचलं, त्या एका मिलीत २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, २०१८ पासून अॅनिमिया मुक्त भारत या सरकारी योजनेत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पोराला ते द्यायचं आहे, आजारी असो नसो. बाटलीवर धुळीचा थर बसला होता. मी ती पुसली आणि उगाच सिंकपाशी उभी राहून बराच वेळ पुसत राहिले.

आता केळ्याचं.

माझी सुट्टी संपली तेव्हा आई सहा महिन्यांच्या चिनूसाठी धुळ्याला आमच्याकडे राहायला आली, आणि दर आठ-दहा दिवसांनी भाऊ एसटीच्या कंडक्टरच्या हाती केळीची फणी पाठवायचा, आपल्या बागेतली, न पिकवलेली, घरी पोत्यात घालून पिकवायची. केळीच्या गावातली आम्ही माणसं, आमच्याकडे पोराला पहिला घास म्हणजे केळं, मऊ, गोड, ना शिजवायचं ना गाळायचं. जळगावच्या केळीला जीआय मानांकन मिळालं तेव्हा भावाने गावभर पेढे वाटले होते. आई सकाळी एक वाटी शिकरण, दुपारी केळं कुस्करून, संध्याकाळी परत शिकरण, मधे मधे गायीचं दूध बाटलीने, दिवसाचं सगळं मिळून लिटरभर सहज. मी सकाळ-संध्याकाळ अंगावर पाजायचे तेवढंच. आणि चिनू छान गुबगुबीत दिसत होती हो, गाल, मनगटाला वळ्या. बारीक पोराचं रक्त कमी असतं एवढंच आमच्या डोक्यात.

मॅडमनी दिवसभराचं खाणं विचारलं तेव्हा आईने अभिमानाने सांगितलं. मॅडम जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, आजी, केळं वाईट नाही हो, पण १०० ग्रॅम केळ्यात लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. दुधात त्याहून कमी. आईचं दूध पण लोहाने भरलेलं नसतं, पण त्यातलं जेवढं असतं त्यातलं जवळजवळ निम्मं पोराच्या अंगी लागतं, गायीच्या दुधातलं लागत नाही, वर त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही अडवतं. आणि वर्षाच्या आतल्या काही पोरांच्या आतड्यातून त्या दुधाने रक्त झिरपतं, इतकं थोडं की शीमध्ये दिसत नाही, पण रोज. आई म्हणाली, केळं कापून ठेवलं की काळं पडतं ना, ते लोह असतं म्हणून तर. हे मी पण लहानपणापासून ऐकलेलं, वांग्याबद्दल, सफरचंदाबद्दल, केळ्याबद्दल. मॅडम हसल्या, म्हणाल्या तो हवेचा खेळ आहे, लोहाचा नाही. आई हसली नाही. परतताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली, म्हणजे मीच पोरीचं रक्त प्यायली का. मी नाही म्हणायला हवं होतं, लगेच. मी फोनमध्ये काहीतरी बघत राहिले. दोन-तीन सेकंदांचीच गोष्ट, पण ती तिला लागली हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे की मला माहीत आहे.

खरंतर चूक तिची कुठे होती, तिला लोहाचं कुणी सांगितलं होतं? मी सांगायला हवं होतं आणि मला कार्डाने सांगितलं होतं.

त्या रात्री औषध सुरू झालं. वजन साडेसात किलो, किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे रोज २२-२३ मिलिग्रॅमच्या आसपास, त्याचे किती थेंब ते मॅडमनी बाटली हातात घेऊन सांगितलं कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या थेंबांची ताकद वेगवेगळी असते, शेजारणीच्या पोराचं माप आपल्याला चालत नाही. दुधाबरोबर द्यायचं नाही, दोन खाण्यांच्या मधे, ड्रॉपर गालाच्या आत मागच्या बाजूला, नाहीतर पुढच्या दोन दातांवर काळे डाग बसतात. आणि बाटली उंच कपाटात कुलपात, फ्रिजवर नाही, कारण गोड लागतं म्हणून पोरं गटागटा पितात आणि जास्त लोह पोटात गेलं तर जिवावर बेततं. हे ऐकून माझा हात थंड पडला होता, कारण तोपर्यंत मला वाटत होतं टॉनिक म्हणजे जास्त गेलं तर जास्त चांगलं.

पहिले चार दिवस तिने निम्मं थुंकलं. माझ्या सगळ्या कुर्त्यांवर, तिच्या झबल्यांवर, उशीच्या अभ्र्यावर गंजाचे डाग. आमच्या घरात डाग म्हणजे केळीचा चीक, वडिलांचा एकही सदरा बिनडागाचा मला आठवत नाही, आई म्हणायची चिकाचा डाग आणि पोटचं पोर, दोन्ही कुठे जात नाहीत. आता हा दुसरा डाग. पाचव्या दिवशी शी काळीकुट्ट झाली, डांबरासारखी, मी घाबरून रात्री साडेदहाला मॅडमना फोटो पाठवला आणि त्यांनी उत्तर दिलं, औषध पोटात जातंय, झोपा.

चहाची गोष्ट त्याच आठवड्यातली. मोठी माय चिनूला बघायला आली होती, ती कोरा चहा पिते, गूळ घालून, बशीत ओतून, आणि बशीतल्या चहात बिस्कीट बुडवून ते चिनूच्या तोंडाशी न्यायची तिला सवय, आम्ही सगळे तसेच वाढलो. मी औषध द्यायला बसले, चिनूने हात मारला, ड्रॉपर उडाला आणि चार-पाच थेंब मोठ्या मायच्या बशीत. आणि बघता बघता तो लालसर चहा काळा पडला. शाईसारखा. तिघी बशीकडे बघत राहिलो. मी लोखंडी कढईत चिंच घातल्यावर काळी होते ते बघितलंय, पण हे असं डोळ्यासमोर, दोन सेकंदांत. चहातलं टॅनिन लोहाला पकडून बसतं, मग ते अंगात शिरत नाही, असं मॅडम बोलल्या होत्या, मी ऐकून सोडून दिलं होतं. मोठ्या मायने बशी हळूच मोरीत नेऊन ओतली. त्यानंतर तिने चिनूला चहाचं बिस्कीट दिलं नाही, आणि मला वाटतं मॅडमच्या दहा वाक्यांपेक्षा त्या बशीने आमच्या घरात जास्त काम केलं.

खाण्याची मांडणी बदलायला मात्र वेळ लागला, आणि त्यात भांडणं झाली. गायीच्या दुधाची बाटली बंद, माझं दूध चालू. वर्ष झाल्यावर गायीचं वाटीने, दिवसाला अर्धा लिटरच्या वर नाही. शिकरण बंद म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला, मग ठरलं केळं अर्धं, तेही जेवण झाल्यावर. जेवण म्हणजे काय, तर आपल्याकडे जे आहे तेच. कळण्याच्या पिठाची पेज, ज्वारीत उडीद दळलेलं ते आपलं नेहमीचं पीठ, घोटून घोटून गुळगुळीत केलेली उडदाची डाळ, मठाची, म्हणजे मटकीची, उसळ साल काढून, मेथी आणि राजगिऱ्याची पानं डाळीत शिजवून, आणि सगळ्यात शेवटी वरून लिंबू पिळायचं, कारण आंबट असलं की डाळी-भाजीतलं लोह चांगलं लागतं. पेरू किसून, टोमॅटो. आईने माळ्यावरून लोखंडी कढई काढली, माझ्या लग्नात मीच ती तिला परत पाठवली होती, नॉनस्टिकचा सेट मिळाला म्हणून. राखेने घासून घासून तिचा गंज काढताना आई काहीतरी पुटपुटत होती, ते माझ्यासाठीच होतं. गूळ-खजुराचं पण विचारलं तिने, मॅडम म्हणाल्या त्यावर भरवसा ठेवू नका, तेवढा गूळ खाल्ला तर दात जातील.

आणि मग अंडं आणि कलेजी. मॅडमनी सरळ सांगितलं, तुम्ही खात असाल तर द्या, मटण-कलेजीतलं लोह जितकं पटकन लागतं तितकं पालेभाजीतलं नाही. आम्ही दोघं खातो. पण आई माळकरी, दरवर्षी मुक्ताईच्या वारीला जाणारी, तिच्यासमोर घरात अंडं आणलं तर ती पाणी प्यायची नाही. दोन दिवस मी गप्प. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने बाहेर गॅलरीत छोट्या शेगडीवर पाव वाटी कलेजी शिजवली, मी ती भातात अगदी मेण करून कालवली, आणि चिनू माझ्याकडून घास घेईना, तोंड फिरवायची, तिला सवय आजीच्या मांडीची. मी रडकुंडीला आले होते. आई आतून आली, पदर नाकाला लावलेला, खाली बसली, चिनूला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, भरव. मी बघत राहिले तर म्हणाली, माले माळ शे, तिले कोठे शे? भरव. घास मी दिले, मांडी तिची होती. नंतर तिने अंघोळ केली, दुपारी तीन वाजता, मे महिन्यात, गरम पाण्याने. आठवड्यातून एकदा हे व्हायचं, दर वेळी अंघोळ. एकदाही बोलली नाही.

महिन्याने पुन्हा रक्त काढलं. चिनूला आता दंडात सुई गेल्यावर आकांताने ओरडता येत होतं, पहिल्या वेळी ती फक्त कण्हली होती, तर या वेळी ते ओरडणं ऐकून मॅडम मला म्हणाल्या, रिपोर्टची गरज नाही खरंतर. ९.४ आलं. चार महिन्यांनी ११.२. तेव्हा मला वाटलं संपलं एकदाचं, पण ११ झालं म्हणून लगेच थांबायचं नसतं, रक्त भरलं तरी कोठी रिकामीच असते, ती भरायला आणखी दोन-तीन महिने थेंब द्यावे लागतात. वर्ष झाल्यावर जंताची अर्धी गोळी, चमच्यात चुरून. आणि थेंब संपल्यावर ती फ्रिजवरची बाटली, म्हणजे तसलीच नवीन, आशाताईंकडून मी स्वतः मागून आणली. त्या काही बोलल्या नाहीत, रजिस्टरवर सही घेतली.

पण त्या चार महिन्यांत शांत पोर जी गेली ती गेलीच. जी पोर तासन् तास एका जागी बसायची ती टेबलक्लॉथ ओढायला लागली, कुकरची शिट्टी फेकली, आईचा चष्मा दोनदा मोडला. जी रडायची नाही ती रात्री दोनला उठून खेळायला मागायची. मी शाळेत पेंगायचे. आणि भिंत चाटणं एके दिवशी आपोआप थांबलं, कधी ते नेमकं सांगता येणार नाही, मुद्दाम थांबवलेलं काही नव्हतं. मला ते शहाणपण आठवतं, जे आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, आमची अजिबात त्रास देत नाही हो. त्या काळात तिच्या डोक्यात काय चाललं असेल, काही चाललं असेल का, हे मी मॅडमना विचारलं होतं. या वयात मेंदूला लोह लागतं, लक्ष, शिकणं यावर परिणाम होऊ शकतो, लवकर सापडलं ते बरं झालं, एवढंच म्हणाल्या. 'लवकर' या शब्दावर मी अजून अधूनमधून अडते. लवकर म्हणजे सुनंदा आली म्हणून. नसती आली तर?

मग मी आकडे बघत बसले एका रात्री. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या सदुसष्ट पोरांचं रक्त कमी निघालं, त्याच्या आधीच्या पाहणीत अठ्ठावन्न-एकोणसाठ होतं. म्हणजे वाढलं. मी त्या निंबाखालच्या पोरांची गिनती केली मनातल्या मनात, आठवतील तेवढी, बारा-तेरा होती. त्यातली कोण कोण शहाणी होती, कोण गप्प बसलेली, कोणाच्या आईला केशराचं विचारलं होतं. एका मामेबहिणीला मी दुसऱ्याच दिवशी फोन केला, पोराचा तळहात बघ म्हटलं, तिला वाटलं मी ज्योतिष शिकायला लागले.

यंदाच्या आखाजीला पुन्हा तोच निंब, तोच झोका, दोरी नवी. चिनू बावीस महिन्यांची, एका जागी ठरेना, बाईच्या पायातून बाईच्या पायात पळत होती, ऊन डोक्यावर घेऊन, अनवाणी, हातात आंब्याची कोय. त्याच काकूंनी तिला पकडलं, हनुवटी वर केली आणि मला म्हणाल्या, अगं काय हे, रंग गेला की पोरीचा. मागच्या वर्षी कशी दुधासारखी होती. उन्हात फिरवते का? बेसन लाव, साय लाव. बाकीच्यांनी पण च् च् केलं. मी सुनंदाला शोधत होते पण ती वजनकाटा घेऊन वरच्या आळीत गेलेली. मी सांगायला सुरुवात केली, अहो काकू ते गोरेपण नव्हतं, तिचं रक्त, पण तोवर त्यांचं लक्ष सांजोऱ्यांच्या ताटाकडे गेलं होतं, आणि खरं सांगू, मला आत कुठेतरी बारीकसं दुखलं पण, रंग गेला म्हटल्यावर. इतकं सगळं होऊन सुद्धा.

मोठी माय खाटेवर बसलेली होती. तिने चिनूला हाक मारली, चिनू कोय टाकून गेली, आणि म्हातारीने तिचा चिकट हात पदराने न पुसता तसाच आपल्या हातात घेतला, उलटा केला, तळवा वर, लाल, आंब्याने पिवळा. मग परत सुलटा, दोन्ही हात शेजारी शेजारी, एक सुरकुतलेला, एक गुबगुबीत, रंगाने सारखे.

'कोन म्हनस काळी?' ती काकूंकडे बघून म्हणाली. 'मनासारखी शे.'